नाव आधी कानाने घ्यावे

ताडोबाच्या मोहर्ली फाटकाचे नाव बाहेरगावच्या पाहुण्याच्या तोंडी 'मोहुर्ली' होते. एटापल्लीचे 'इटापल्ली' होते, आलापल्लीचे 'अल्लापल्ली' आणि तोडसाचे 'टोडसा'. बोलणाऱ्याचा यात दोष फार थोडा. ही नावे त्याने कुणाच्या तोंडून ऐकलेली नसतात; नकाशावर, आरक्षणाच्या पावतीवर, रस्त्याकडेच्या फलकावर ती रोमन अक्षरांत वाचून त्याने अंदाजाने मराठीत आणलेली असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतली नावे आज सर्वांत जास्त बिघडतात ती रोमनमधून देवनागरीत परत येताना. ज्यांना ही नावे रोज लिहावी आणि उच्चारावी लागतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे: आश्रमशाळेत हजेरी घेणारे शिक्षक, बातमीदार, सेतू केंद्रात अर्ज भरून देणारे, जंगलालगत पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारे, फलक रंगवणारे. त्यांना सांगायचे आहे ते एवढेच की रोमन रूप ही नावाची मूळ प्रत नव्हे. नाव आधी त्या माणसाच्या किंवा त्या गावाच्या तोंडून ऐकावे, मग देवनागरीत लिहावे आणि रोमन रूप सर्वांत शेवटी, त्या देवनागरीवरून करावे. हा क्रम उलटा झाला की काय होते आणि सुलटा ठेवला की काय साधते, ते पुढे पाहू.

या जिल्ह्यांतल्या गोंडी-माडिया नावांच्या आधी एक दूरचे उदाहरण घेतो, इटालियन नावांचे आणि पदार्थांचे. तिथे आपला कुणाचाच अभिमान गुंतलेला नाही, त्यामुळे चूक कुठे होते ते शांतपणे पाहता येते. आता चंद्रपूरसारख्या जिल्ह्याच्या गावांतही खाण्याच्या जागी पास्ता, लझानिया, ब्रुशेटा, ग्नोची असे शब्द दिसतात. यातला 'ग्नोची' हा उच्चार इटलीत कुणीच करत नाही. तिथे तो 'न्योक्की' आहे. इटालियन भाषेची लिपी रोमनच असली तरी तिच्या अक्षरांची मूल्ये इंग्रजीहून वेगळी आहेत, आणि आपण ती इंग्रजी मूल्यांनी वाचतो. 'सी' या अक्षरापुढे 'आय' किंवा 'ई' आला तर 'च', इतर स्वर आला तर 'क'. मध्ये 'एच' घातला की मात्र 'आय' आणि 'ई'पुढेही 'क'च राहतो. म्हणून ब्रुशेटा नव्हे, ब्रुस्केत्ता. चियांती नव्हे, क्यान्ती. आणि मायकेलअँजेलो नव्हे, मिकेलान्जेलो. 'जी' आणि 'एन' जोडून आले की आपला 'न्य', म्हणून लाझान्ये. 'जी', 'एल', 'आय' एकत्र आले की 'ल्य', म्हणून ताल्यातेल्ले. 'सी', 'आय' आणि पुढे 'ए' किंवा 'ओ' असला तर तो 'आय' बहुधा नुसता 'च' करण्यासाठी असतो, स्वतः ऐकू येत नाही. म्हणून चियाबाटा नव्हे, चाबात्ता, आणि फोकाच्चा. एवढे नियम लक्षात ठेवले तर इटालियन खाद्यपदार्थांच्या यादीतली बहुतेक नावे नीट वाचता येतात, कारण इटालियन लेखन इंग्रजीइतके लहरी नाही.

या शब्दांना देवनागरी किती सहज सामावून घेते, हेही पाहण्यासारखे आहे. इटालियन 'टी' आणि 'डी' दंत्य आहेत, म्हणजे आपले 'त' आणि 'द'. इंग्रजीच्या वाटेने आले की ते 'ट' आणि 'ड' होतात: स्पगेटी, रिसोटो. मूळ उच्चार स्पागेत्ती आणि रिझोत्तो. 'पास्ता' हा शब्द मराठीत नशिबाने 'त'नेच रुजला. जोडाक्षरांचेही तसेच. इटालियनमध्ये दोनदा लिहिलेले व्यंजन खरोखर दुप्पट वेळ उच्चारतात आणि त्याने अर्थ बदलतो: 'पाला' म्हणजे फावडे, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक शिकावा लागतो. मराठी माणसाला तो 'कला' आणि 'कल्ला' यांतून लहानपणीच आलेला असतो. राहिला 'झेड'. इटालियनमध्ये तो 'त्स' किंवा 'द्झ' असतो, आणि त्यातला 'त्स' म्हणजे मराठीतल्या चमच्याचा, चुलीचा 'च'. पित्सा, मोत्सारेल्ला. अनेक भाषांना हा ध्वनी कष्टाने कमवावा लागतो; तो आपल्या जिभेवर आहे. 'पिझ्झा' हे रूप मराठीत पक्के झाले आहे आणि ते खोडून काढण्याचे कारण नाही, पण मूळ उच्चार आपल्याला अवघड होता म्हणून आपण तो सोडला, असे मात्र कुणी म्हणू नये. आपल्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

शब्द कोणत्या वाटेने आला यावर त्याचे रूप ठरते, याचा पुरावा या दोन जिल्ह्यांच्या रस्त्यांवरच आहे. प्याज्जो ही इटालियन कंपनी बारामतीच्या कारखान्यात जी तीनचाकी करते, तिचे नाव इटालियनमध्ये 'आपे', म्हणजे मधमाशी. रोमन अक्षरे तीनच, आणि इंग्रजी वळणाने वाचली तर त्यांचा 'एप' होतो. पण गावोगावच्या लोकांनी तिला 'एप' म्हटले नाही. 'आपे' किंवा 'ॲपे' म्हटले, शेवटचा 'ए' शाबूत ठेवून. पाटीवरची अक्षरे वाचून नव्हे, एका चालकाकडून दुसऱ्याकडे, प्रवाशाकडून प्रवाशाकडे ऐकून हे नाव पसरले. उलट बाजूला मात्सीनी पाहा. इटलीच्या एकीकरणाचा हा नेता, जुझेप्पे मात्सीनी, महाराष्ट्रात आला तो इंग्रजी पुस्तकांतून. १९०७ साली सावरकरांचे मराठी पुस्तक निघाले तेव्हा त्याच्या शीर्षकातच तो 'जोसेफ मॅझिनी' होता. जुझेप्पेचा जोसेफ झाला तो रोममध्ये किंवा जेनोव्हात नव्हे, इंग्रजीत, आणि आपण तो तसाच उचलला. विद्वानांच्या हातून आलेले नाव बदलले आणि तीनचाकीवाल्यांच्या तोंडून आलेले टिकले, ही तुलना मला फार बोलकी वाटते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इथेही बहुतेक नावे दोनदा परकी झाली आहेत: आधी गोंडी, माडिया, तेलुगू किंवा झाडीबोलीतून इंग्रज अधिकाऱ्याच्या वहीत, आणि मग त्या वहीतून आपल्याकडे. वैनगंगेचे जुन्या इंग्रजी नकाशांतले रूप देवनागरीत मांडले तर 'वाइनगंगा' असे काहीसे होते. ते पुढे सुधारले. जे सुधारले नाही ते माणसांचे नाव. भामरागड आणि एटापल्लीच्या डोंगराळ भागातले लोक माडिया. त्यातल्या 'ड'चा उच्चार स्वरांच्या मध्ये जीभ उचलून झटकल्यासारखा होतो, आणि इंग्रजी कानाला तो 'र' वाटतो. म्हणून त्यांनी 'मारिया' लिहिले. विल्फ्रिड ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरचा १९३८ सालचा ग्रंथ याच 'मारिया' नावाने निघाला, आणि पुढचे संशोधन, अहवाल, शासकीय याद्या यांतून तेच रूप चालू राहिले. योगायोग असा की रोमन लिपीत ही अक्षरे आणि मारिया मोंतेस्सोरी यांच्या नावातली मारियाची अक्षरे अगदी एक आहेत. इटालियन बाईचे नाव आणि आपल्या जंगलातल्या जमातीचे नाव कागदावर वेगळे ओळखू येत नाही. ज्याने 'माडिया' कधी ऐकले नाही, तो 'मारिया'च वाचणार.

याचा परिणाम केवळ उच्चारापुरता नाही. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या यादीतली गोंड ही नोंद उघडून पाहावी. तिच्यात माडिया आहे आणि मारियाही आहे. मुडिया आहे आणि मुरियाही आहे. 'वडे मारिया' हे नाव एकदा 'डब्ल्यू'ने आणि एकदा 'व्ही'ने लिहिले आहे. 'अरख' एकदा एका 'आर'ने आणि एकदा दोन 'आर'नी आहे. एकाच ध्वनीची रोमनमध्ये जितकी रूपे होऊ शकतात तितकी तिथे मांडून ठेवावी लागली, कारण एखादे रूप सुटले तर त्या रूपाचा दाखला असलेला माणूस यादीबाहेर राहील. याच यादीतली 'ओरांव, धनगड' ही दुसरी नोंद घ्या. तिच्यातला 'धनगड' म्हणजेच 'धनगर', शेवटच्या अक्षराचा घोटाळा झाला, असा दावा अनेक वर्षे मांडला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. त्या वादाच्या गुणदोषांत इथे शिरायचे नाही. पण रोमन 'डी' की 'आर' हा प्रश्न न्यायालयापर्यंत जातो आणि त्यावर मोठ्या समाजाचे लक्ष लागून राहते, एवढे पाहिले तरी स्पेलिंगला किरकोळ बाब म्हणता येत नाही.

मग ऐकताना नेमके काय ऐकायचे? सर्वांत आधी 'अ' आणि 'आ'. रोमनमध्ये दोन्हींना एकच अक्षर. म्हणून आत्राम या आडनावाचे 'अत्राम' होते, मडावीचे 'मादवी' आणि 'मडवी' होते, अहेरीचे 'आहेरी' होते. लाहेरी मात्र 'ला'नेच आहे, आणि आरेवाडा, आरमोरी 'आ'ने. यात तर्क चालत नाही, प्रत्येक नाव ऐकावेच लागते. दुसरे, 'त' की 'ट', 'द' की 'ड'. ताडगाव, ताडोबा, तोडसा, तलांडी यांत 'त' आहे. एटापल्ली, गट्टा, जिमलगट्टा यांत 'ट'. उसेंडी हे आडनाव 'उसेंदी' नव्हे. रोमन 'टी' आणि 'डी' हा फरक दाखवूच शकत नाहीत, म्हणून या दोन अक्षरांशी आले की थांबायचे आणि विचारायचे. तिसरे, जोडाक्षर. 'पल्ली' हा तेलुगू वळणाचा शेवट एटापल्लीत, आलापल्लीत, मोलमपल्लीत आहे आणि त्यातला 'ल्ल' खरा आहे. पण आलापल्लीच्या सुरुवातीला मराठीत एकच 'ल' लिहितात. 'अल्ला' हे इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन 'एल'नी जन्माला घातले. उलट मज्जी, दुग्गा, वड्डे, पल्लो या आडनावांत द्वित्व खरे आहे आणि घाईत लिहिणारा नेमका तेच गाळतो.

चौथी गोष्ट 'च'ची. देवनागरीत चिमणीचा 'च' आणि चुलीचा 'च' एकच लिहिला जातो, त्यामुळे इथे आपली लिपीही अपुरी आहे. मराठी बोलणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण नियम त्याच्या कानात आहे: 'इ' आणि 'ए'पुढे तालव्य, इतरत्र देशी शब्दांत बहुधा दंत्य, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत पुन्हा तालव्य. म्हणून चिमूर चिमणीच्या 'च'ने. चांदा चांदण्याच्या 'च'ने. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले तेव्हा 'च'ही बदलला, तो चंद्राचा झाला. रोमनमध्ये तिन्हीकडे 'सीएच'. बाहेरून बदली होऊन आलेल्या अमराठी कर्मचाऱ्याला हे सांगावे, कारण ते त्याला कोणत्याही फलकावर सापडणार नाही. चांदा फोर्ट हे स्थानकाचे नाव अजून चालू आहे, तेव्हा प्रश्न जुना झालेला नाही. रेल्वेचे आणखी एक उदाहरण: गाव बल्लारपूर, पण स्थानकाचे नाव बल्हारशाह. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तिकिटाबद्दल लिहिताना बल्हारशाह आणि कागदाच्या गिरणीबद्दल लिहिताना बल्लारपूर, एवढे भान ठेवले की पुरे.

पाचवी गोष्ट महाप्राणाची, आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गोंडीच्या अस्सल शब्दांत 'घ', 'भ', 'ध' असे वर्ण क्वचित येतात. जिथे दिसतात तिथे बहुधा शेजारच्या भाषांचा स्पर्श असतो. तरुणांच्या सामूहिक शिक्षणाची आणि गावाच्या बैठकीची जी जागा, तिला गडचिरोलीतले गोंडी भाषक गोटुल म्हणतात. पण १९४७ साली व्हेरियर एल्विन यांचा मुरियांवरचा मोठा ग्रंथ आला त्यात 'जी'नंतर 'एच' होता, आणि तेव्हापासून वाचणाऱ्या जगात तो 'घोटुल' झाला. मराठी लेखक गडचिरोलीतल्याच गोटुलाबद्दल लिहितात तेव्हाही अनेकदा 'घोटूल' लिहितात, म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या लोकांचा शब्द परदेशी ग्रंथाकडून मागून घेतात. बस्तरमधल्या मुरियांबद्दल, एल्विनच्या संदर्भात लिहिताना त्याचे रूप ठेवायला हरकत नाही. धानोरा किंवा भामरागडबद्दल लिहिताना गोटुलच लिहावे.

पदार्थांच्या नावांत गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे हिंदीही मध्ये येते. जंगलालगतच्या निवासांमध्ये पाहुण्यांसाठी जी यादी छापतात ती बहुधा रोमनमध्ये असते, आणि तिथे 'सांबर' या एका स्पेलिंगखाली तीन वस्तू येऊ शकतात. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि कोथिंबिरीचे सारण भरलेली सांभारवडी हा इथला आवडता पदार्थ आहे. दक्षिणेकडचे डाळीचे सांबार वेगळे. आणि सकाळी ताडोबात पाहुण्याला जे दिसले ते सांबर हरीण आणखी वेगळे. 'बी'नंतरचा एक 'एच' गाळला की कोथिंबिरीची वडी पाहुण्याला एक तर डाळीची वाटते, नाहीतर शिकारीची. म्हणून यादीत आधी देवनागरीत 'सांभारवडी', मग रोमनमध्ये 'एच'सह, आणि खाली एका ओळीत 'कोथिंबिरीचे सारण भरलेली तळलेली वडी' असे लिहावे. इटलीतल्या चांगल्या खाणावळी हेच करतात: पदार्थाचे नाव स्थानिक ठेवतात आणि खाली तो कशाचा आहे ते सांगतात. नाव भाषांतरित करत नाहीत.

मोहाचेही तसेच. झाड मोह, फुले मोहफुले. हिंदीतले महुआ इंग्रजी लेखनात सर्वत्र आहे, आणि तिथून ते मराठी बातम्यांत 'महुआ', 'महुवा' असे शिरते. इंग्रजी मजकुरात ते राहू द्यावे, रुजलेले आहे. मराठी मजकुरात मोह लिहावे. सिरोंच्याच्या तेलुगू घरात तो इप्प आहे, हे माहीत असले तर संवाद सोपा होतो. चारोळीला चिरोंजी म्हणण्याचे कारण नाही. टेंभुर्णीच्या पानाला मात्र व्यापारात तेंदूपत्ता हाच शब्द मजुरापासून ठेकेदारापर्यंत चालतो. तिथे शुद्धतेसाठी 'टेंभुर्णीची पाने' लिहिले तर ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच कळणार नाही. बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते, पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीच्या एका प्रकाराला सात्या, माडिया घरातल्या तांदळाच्या पातळ पेजेला जावा. या शब्दांना इंग्रजी जोड शोधत बसण्यापेक्षा ते जसे आहेत तसे लिहावेत आणि अर्थ सोपा करून द्यावा. 'जावा' रोमनमध्ये लिहिला की तो बेटाचे नाव किंवा संगणकाची भाषा वाटेल, हे खरे. त्यावर उपाय देवनागरी शेजारी ठेवणे हाच आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की उच्चार एक नसतोच. या मुलखात गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंचा-अहेरीकडे तेलुगू आहे, कोरचीकडे छत्तीसगढी आहे, मुलचेरा आणि चामोर्शीच्या बंगाली वसाहतींत बांगला आहे, आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांना झाडीबोली. मग कुणाचे ऐकायचे? आक्षेप खरा आहे, पण तो नीट लावला तर ऐकण्याच्याच बाजूने जातो. माणसाच्या नावाबाबत त्या माणसाचा शब्द अखेरचा. गावाच्या नावाबाबत त्या गावात राहणाऱ्यांचा, आणि त्यांच्यातच दोन रूपे असतील तर ग्रामसभेने जे लिहिले ते. पदार्थाबाबत तो करणाऱ्या घराचा. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. म्हणून ज्या डाळीला प्रमाण मराठीत लाखोळी म्हणतात तिला तिकडे लाखोरी म्हणतात. लाखोरी ही लाखोळीची चूक नव्हे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून हे नियम मांडून दाखवले, ते याचसाठी वाचायला हवेत. सिंदेवाहीच्या बाजारातल्या पाटीवर 'लाखोरी' असेल तर शिक्षकाने ती लाल शाईने दुरुस्त करू नये. धान्याच्या शास्त्रीय लेखात लाखोळी लिहावे, पाटीवर लाखोरी राहू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. देवनागरी तरी गोंडीची कुठे आहे? रोमनला दूर सारून देवनागरीला मूळ प्रत ठरवणे म्हणजे एका परक्या लिपीच्या जागी दुसरी बसवणे नव्हे काय? याचे उत्तर टाळता येत नाही. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी घडवली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावाच्या हस्तलिखितांतून दुसरी एक गोंडी लिपी पुढे आली. या दोन्ही अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाल्या. एखाद्या गावाने आपल्या फलकावर गोंडी लिपी वापरली तर ती सर्वांत वर असावी, त्याखाली देवनागरी, त्याखाली रोमन. देवनागरीचा आग्रह मी धरतो तो ती आपली आहे म्हणून नव्हे, तर तिच्यात 'त' आणि 'ट', 'अ' आणि 'आ', एक 'ल' आणि दोन 'ल' हे फरक लिहिता येतात म्हणून. जिथे ती कमी पडते तिथे तसे मान्य करावे. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन 'ए' आणि दोन 'ओ' आहेत. मराठी लेखनात त्यांना वेगळी चिन्हे नाहीत. सिरोंच्याची नावे लिहिताना हा फरक बुडतो, आणि तो बोलण्यानेच भरून काढावा लागतो.

तिसरा आक्षेप रुळलेल्या रूपांचा. आपण पॅरिसला पारी म्हणत नाही, मॉन्टेसरी शाळेला मोंतेस्सोरी म्हणत नाही, मग इथेच एवढा काटेकोरपणा का? जे नाव मराठीत पिढ्यान् पिढ्या एका रूपात चालले आहे ते तसेच राहावे, यात वाद नाही. पण पॅरिसच्या लोकांना आपण काय म्हणतो याने त्यांचे काही अडत नाही. आत्रामचे 'अत्राम' झाले तर आत्रामांच्या मुलाचे अडते. शिवाय आपल्याकडची ही रूपे रुळलेली नाहीत, ती रोज नव्याने बिघडत आहेत. हिंदी वृत्तपत्रांत 'गढ़चिरौली' आणि 'चंद्रपुर' असते ते हिंदीच्या नियमाने. मराठीत गडचिरोली, आणि गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा असा शुद्धलेखनाचा नियमच आहे: चंद्रपूर, बल्लारपूर. सामान्यरूप झाले की तो ऱ्हस्व होतो, चंद्रपुरात, बल्लारपुराहून, चिमूरचेही चिमुरात. संगणकाने रोमनवरून केलेल्या रूपांतरात हे सगळे पुसले जाते, आणि तेच मजकूर पुढे हजारो जण उचलतात.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न, आणि इथे माझा सल्ला थोडा वेगळा आहे. बोलताना, बातमीत, फलकावर नाव ऐकून दुरुस्त करावे. दाखल्यावर मात्र स्वतःच्या मनाने काहीही सुधारू नये. आधार किंवा इतर अर्ज भरताना आधी रोमन नाव टंकले जाते आणि संगणक त्यावरून देवनागरी आपोआप भरतो. मडावीचे मादवी होते ते इथे. भरून देणाऱ्याने तो देवनागरी रकाना अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावा, शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावा आणि मगच पुढे जावे. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. ते राहिले तर वनहक्काच्या दाव्यात, सातबाऱ्यात, बँकेत आणि जात पडताळणीत एकाच माणसाची चार नावे उभी राहतात. पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते, आणि त्या नोंदी ज्याने त्याने आपल्या कानाने केलेल्या आहेत: कुठे कुळमेथे, कुठे कुडमेथे. अशा वेळी जुनी नोंद आजच्यासारखी करून घेण्याच्या मागे लागू नये. ती जशी आहे तशी ठेवून, ही दोन्ही रूपे एकाच घराण्याची आहेत असे प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडावी. मुलाच्या नावात खरीच चूक असेल तर ती तो शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घ्यावी; दाखला घेऊन बाहेर पडल्यावर हेच काम फार लांबते.

इतिहासातल्या नावांबाबतही हीच शिस्त ठेवावी. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात ज्यांना फाशी दिली गेली ते वीर पुरुष कुठे बाबूराव आहेत, कुठे बापूराव. आडनाव कुठे शेडमाके, कुठे सेडमाके. एका लेखात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे, दुसरे रूप पहिल्या उल्लेखाजवळ एकदा नोंदवावे, म्हणजे जुन्या कागदांत शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील. शाळेच्या फलकावर किंवा चौकाच्या पाटीवर कोरण्याआधी त्यांच्या भागातल्या लोकांना विचारावे की तुम्ही काय म्हणता, आणि त्यांनी सांगितलेले देवनागरीत लिहून त्यांनाच पुन्हा वाचून दाखवावे. रंगाऱ्याकडे कागद जाईल तो त्यानंतर, आणि त्यावरची रोमन ओळ सर्वांत शेवटी.